सकाळी ६.७, दुपारी ५.८: सामू रोज का सरकतो आणि दोष कुठे शोधायचा

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "पीएच मीटर बिघडलाय." सकाळी कॅलिब्रेशन नीट झालेलं असतं. बफरमध्ये, म्हणजे ज्याचा सामू ठरलेला असतो आणि सहजी हलत नाही अशा द्रावणात, आकडे बरोबर आलेले असतात. मग प्रोब (मीटरची द्रावणात बुडवायची कांडी) डिस्टिल्ड पाण्यात बुडवला की ६.७ दिसतं, पाच मिनिटांनी ६.३, आणि तासाभराने ५.८. दुसऱ्या दिवशी तीच बाटली, तोच मीटर, आणि आकडा तिसराच. मग नवा प्रोब मागवतात. तो आला की काही दिवस कुणी डिस्टिल्ड पाणी मोजत नाही, म्हणून सगळं बरं चाललंय असं वाटतं. पुन्हा कुणीतरी मोजतं आणि तक्रार परत येते.

नव्याने प्रयोगशाळेत आलेल्या मुलांना मी सामू, म्हणजेच पीएच, मोजायला शिकवते (हायड्रोजन आयन जितके जास्त, तितका हा आकडा लहान), आणि दर वर्षी हा प्रसंग घडतोच. बहुतेक वेळा मीटर खरं बोलत असतो. पाण्यातले हायड्रोजन आयन खरोखरच वाढलेले असतात. म्हणून प्रोबला हात लावण्याआधी दोष द्रावणात आहे की प्रोबमध्ये, याचा निवाडा करून घ्यावा. त्याला दोन मिनिटं पुरतात.

स्वच्छ बीकरमध्ये ७.०० चं ताजं बफर ओता. बाटलीत परत टाकलेलं किंवा कालपासून उघडं पडलेलं बफर चालणार नाही. प्रोब धुऊन त्यात बुडवा. अर्ध्या मिनिटात आकडा ७.०० च्या आसपास, म्हणजे ०.०५ इकडे-तिकडे, येऊन थांबला तर पुढे ४.०१ च्या बफरमध्ये हेच करा. तिथेही तो पटकन येऊन थांबला तर प्रोब ठीक आहे, नमुन्याकडे वळा. आकडा रेंगाळला, थांबलाच नाही किंवा भलतीकडे गेला, तर प्रोबविषयीच्या भागाकडे सरळ जा.

प्रोब ठीक आहे, तरी पाण्याचा सामू सरकतोय

इथे थोडा हिशोब केला की बरंच उलगडतं. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन ०.००००००१ मोल. त्याच लिटरात पाण्याचे रेणू सुमारे ५५.५ मोल असतात. भागाकार केला तर साधारण ५५ कोटी ५० लाख पाण्याच्या रेणूंमागे एक हायड्रोजन आयन! शुद्ध पाण्याचा सामू इतक्या विरळ गोष्टीवर उभा असतो. कुठूनही थोडेसे आयन आले की तो कोसळतो.

किती थोडेसे, तेही पाहू. एक लिटर शुद्ध पाण्यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकच थेंब, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर, टाकला तर सामू ७ वरून ५.३ वर येतो. तोच थेंब सामू ७.२ च्या ०.१ मोलर फॉस्फेट बफरच्या लिटरात टाकला तर होणारा बदल दशांशाच्या चौथ्या स्थानावर, तिथेही एकपेक्षा कमीच. कुठल्याही नेहमीच्या मीटरला तो दिसणार नाही. बफरमध्ये बाहेरून आलेला हायड्रोजन आयन पकडायला फॉस्फेटचे आयन हात पसरून उभे असतात. शुद्ध पाण्यात पकडणारं कुणी नसतं.

आणि थेंब कुणी टाकला नाही तरी हवा टाकतेच. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, आणि ते हायड्रोजन आयन सोडतं. उघड्या भांड्यातलं शुद्ध पाणी हवेशी पुरतं जुळलं की त्याचा सामू सुमारे ५.६ होतो. सामूची पट्टी लॉगची आहे, त्यामुळे ७ वरून ५.६ हा फरक दिसायला लहान असला तरी हायड्रोजन आयन जवळजवळ २५ पट झालेले असतात. (सामू ०.३ ने घटणं म्हणजे आयन दुप्पट होणं, एवढं एक लक्षात ठेवलं तर फळ्यावर लॉग काढायची वेळ फारशी येत नाही.) बाटली किती वेळ उघडी होती, बीकर किती पसरट होता, किती ढवळलं, यावर त्या क्षणी ५.६ च्या वाटेवर पाणी कुठवर पोचलं ते ठरतं. म्हणून सकाळचा आकडा वेगळा आणि दुपारचा वेगळा.

खात्री करायची असेल तर एक साधा प्रयोग आहे आणि तो प्रत्येकाने एकदा स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं. पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा, काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग उघडून लगेच मोजा. आकडा ७ च्या दिशेने वर गेलेला असेल. आता तेच पाणी पसरट बीकरमध्ये ओतून ढवळत ठेवा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. तो डोळ्यांसमोर उतरत जाईल. एका मुलीने हे केलं, वहीत उतरतं टोक असलेला आलेख काढला आणि म्हणाली, "मॅडम, मीटर हवा मोजतोय." अगदी बरोबर.

दुसरं कारण आपल्या हातात असतं. सामू ४ च्या बफरमधून काढलेला प्रोब नीट न धुता पाण्यात घातला की त्याच्या टोकावर राहिलेला एक थेंब १०० मिलिलिटर पाण्याला ५ च्या जवळ नेऊन ठेवतो. म्हणून धुताना भरपूर पाणी सोडा, आणि मोजायच्या नमुन्याचाच थोडा भाग वापरून प्रोब एकदा विसळून घ्या. काचेचा फुगा टिश्यूने घासू नका, नुसता टेकवून पाणी टिपा. घासल्याने काचेवर स्थितिक विद्युतप्रभार साचतो आणि आकडा बराच वेळ भरकटत राहतो.

तिसरी अडचण खुद्द मोजण्याची. शुद्ध पाण्यात आयनच इतके कमी की त्यातून वीज वाहणं कठीण. खरं तर हायड्रोजन आयन हा पाण्यातला सर्वांत वेगवान आयन. सुटा प्रोटॉन पाण्यात मोकळा राहत नाही, तो पाण्याच्या रेणूला चिकटून हायड्रोनियम होतो आणि पुढच्या रेणूकडे सोपवला जातो. या हातोहात देण्यामुळे विद्युतक्षेत्रात तो सोडियम आयनाच्या सुमारे सातपट वेगाने सरकतो. पण वेग असून संख्या नसेल तर काय उपयोग? प्रोबमधल्या संदर्भ इलेक्ट्रोडला (ज्याच्या तुलनेत काचेचा संकेत मोजला जातो त्या भागाला) बाहेरच्या द्रावणाशी स्थिर जोड मिळत नाही आणि आकडा डळमळतो. यावर औषधनिर्मितीत शुद्ध पाण्यासाठी वापरली जाणारी रीत उत्तम आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ०.३ मिलिलिटर संपृक्त पोटॅशियम क्लोराइड घालून मग मोजायचं. क्षार उदासीन असल्याने सामू फारसा ढळत नाही, पण आकडा स्थिरावतो.

आणि एवढं सगळं करूनही विचारावंसं वाटतं: डिस्टिल्ड पाण्याचा सामू तुम्हाला कशासाठी हवाय? पाण्याची शुद्धता पाहायची असेल तर वाहकता मोजा, ती खूप जास्त सांगते. पाण्याचा सामू ५.८ आला म्हणून ते फेकून देण्याचं काही कारण नाही.

आकडा स्थिर आहे, पण अपेक्षेपेक्षा वेगळा आहे

ही तक्रार वेगळी. इथे सर्वांत आधी तापमान पाहावं.

"मीटरवर तापमान भरपाई चालू आहे, मग तापमानाचा प्रश्न येतो कुठे?" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. मीटरची भरपाई फक्त प्रोबच्या उतारासाठी, म्हणजे सामूच्या एका एककामागे तो किती मिलिव्होल्ट देतो त्यासाठी, असते. काचेच्या इलेक्ट्रोडमध्ये सामूच्या एका एककामागे २५ अंशांना ५९.१६ मिलिव्होल्ट, २० अंशांना ५८.२ आणि ३७ अंशांना ६१.५ मिलिव्होल्ट असा फरक पडतो. मीटर तेवढं सांभाळतो. द्रावणातलं रसायन तापमानाने बदलतं, त्याला मीटर हात लावत नाही आणि लावूही नये. शुद्ध पाणीच घ्या. शून्य अंशाला त्याचा सामू ७.४७, ५० अंशांना ६.६३ आणि १०० अंशांना ६.१ च्या जवळ. ते आम्लधर्मी झालेलं नसतं. हायड्रोजन आयन वाढले तेवढेच हायड्रॉक्साइड आयनही वाढले, म्हणजे पाणी उदासीनच आहे. "७ म्हणजे उदासीन" ही ओळ फक्त २५ अंशांच्या आसपास खरी आहे, आणि ती शाळेत अशीच मोकळी सोडून दिली जाते याचं मला वाईट वाटतं.

ट्रिस (जीवरसायनात नेहमी लागणारं एक बफर) वापरणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं. ट्रिसचा सामू दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ८.० करून ठेवलेलं बफर ४ अंशांच्या थंड खोलीत ८.६ च्या जवळ जातं, आणि ३७ अंशांना ७.७ च्याही किंचित खाली. एन्झाइम चालत नाही म्हणून आठवडाभर धडपड करणाऱ्या एका गटाचा दोष एवढाच निघाला होता. ट्रिसचा सामू ज्या तापमानाला वापरायचा, त्याच तापमानाला जुळवावा. फॉस्फेट याबाबतीत पुष्कळ शांत आहे.

फॉस्फेटची खोड दुसरी. दहापट तीव्र साठा सामू ७.४ ला जुळवून ठेवायचा आणि लागेल तसा पातळ करायचा, ही सवय सर्वत्र आहे. पण पातळ करताना आयनांची एकमेकांवरची ओढ बदलते आणि सामू हलतो. ज्या दहापट फॉस्फेट सलाइनमधून शेवटी ७.४ हवा असतो, त्या साठ्याचा सामू ६.८ च्या आसपास असतो. साठ्याच्या बाटलीत ७.४ करून ठेवलं तर पातळ केल्यावर तो वर सरकतो, आणि मग पुन्हा मीटरला दोष.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना बुचकळ्यात टाकते. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू गणिताने १.०० यायला हवा, मीटर १.१ दाखवतो. काच हायड्रोजन आयनांची संहती मोजत नाही, त्यांची क्रियाशीलता मोजते. भोवती ऋण आयनांची गर्दी असली की प्रत्येक हायड्रोजन आयनाचा प्रभाव थोडा झाकला जातो. ०.१ मोलर आम्लात तो सुमारे ८० टक्केच जाणवतो, आणि ०.०८ चा सामू काढलात तर १.१ येतो. मीटर बरोबर, गणितही बरोबर, फक्त दोघं वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत.

गणित खरंच चुकतं ते दुसऱ्या टोकाला. हायड्रोक्लोरिक आम्ल पातळ करत ०.०००००००१ मोलरपर्यंत नेलं तर सामू ८ आला असं लिहिणारे दर वर्षी भेटतात. आम्ल कितीही पातळ केलं तरी त्याचं आम्लारी होणार नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशोबात धरायला विसरलं की असं होतं. ते धरले की उत्तर ६.९८ येतं. अर्थात हे मोजायला गेलात तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच सगळं धुऊन नेईल.

अनुमापनात गुलाबी रंग उडून जातो

हीच हवा इथेही आडवी येते. आम्लात आम्लारी थेंबाथेंबाने घालताना फिनॉल्फ्थॅलिन हे सूचक गुलाबी झालं, ब्युरेट बंद केलं, आणि मिनिटभरात द्रावण पुन्हा रंगहीन. मुलं आणखी थेंब टाकत जातात. कार्बन डायऑक्साइड त्या शेवटच्या थेंबातला हायड्रॉक्साइड खातो, म्हणून फिका गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की तिथेच थांबावं. शिवाय सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली तर आतच कार्बोनेट साचतं आणि संहती घसरते. महिन्यापूर्वी ठरवलेली संहती आज धरून चालू नका, पुन्हा प्रमाणित करा.

बफरमध्येच आकडा चुकतोय: दोष प्रोबमध्ये

आता प्रोब. त्याच्या तळाशी असलेल्या पातळ काचेचा बाहेरचा थर पाण्याने फुगून जेलसारखा झालेला असतो, आणि हायड्रोजन आयनांची देवघेव त्या थरात होते. काचेच्या पापुद्र्यावर आम्लानुसार विद्युतविभव उठतो हे माक्स क्रेमर यांनी १९०६ मध्ये पाहिलं. फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी १९०९ मध्ये त्याचं मोजमाप मांडलं. योगायोग असा की त्याच वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी सामूची कल्पना मांडली. पण काचेचा विद्युतरोध प्रचंड, शेकडो मेगाओहमपर्यंत जाणारा. त्यातून येणारा क्षीण संकेत साध्या उपकरणांना पेलेना. १९३४ मध्ये आर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी प्रवर्धक जोडलेलं उपकरण बांधलं, तेव्हा कुठे मीटर टेबलावर आला. आजही याच मोठ्या रोधामुळे प्रोबच्या जोडणीत ओलावा शिरला की संकेत गळतो. आकडा उगाच नाचत असेल तर प्लग काढून कोरडा करून पाहा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

कशातही बुडवलं तरी मीटर ७ च्या आसपासच अडकून राहतो, ही खूण ओळखून ठेवा. सामू ७ म्हणजे प्रोबच्या दृष्टीने शून्य मिलिव्होल्ट, म्हणजे संकेत येतच नाहीये. काचेला तडा गेलाय किंवा केबल आत चिकटून शॉर्ट झालीय. भिंगाखाली फुगा फिरवून पाहा. तडा असेल तर प्रोब गेला, त्याला इलाज नाही.

आकडा बरोबर येतो पण दोन-तीन मिनिटं लावतो, किंवा ढवळताना एक आणि थांबल्यावर वेगळा येतो, तेव्हा संशय बहुधा संदर्भ इलेक्ट्रोडच्या जोडावर घ्यावा. काचेच्या बाजूला असलेल्या त्या बारीक छिद्रातून आतलं पोटॅशियम क्लोराइड सावकाश बाहेर झिरपत राहायला हवं. ते बुजलं की सगळं मंदावतं. आधी कोमट पोटॅशियम क्लोराइडमध्ये तासभर भिजवा. प्रथिनं साचली असतील तर पेप्सिन घातलेलं ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, तेलकटपणा असेल तर सौम्य साबणाचं पाणी, आणि सल्फाइडने जोड काळा पडला असेल तर आम्लात विरघळवलेलं थायोयुरिया. हातमोजे घालून. भरता येणारा प्रोब असेल तर मोजताना भरायचं छिद्र उघडं ठेवा आणि आतली पातळी नमुन्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर नमुनाच आत शिरतो.

या सगळ्या बिघाडांमागे सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण साठवणीचं आहे. प्रोब डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नये. स्वच्छ वाटतं म्हणून ठेवलं जातं, पण त्या पाण्यात आतले क्षार झिरपून जातात आणि काचेचा थरही दुबळा होतो. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. प्रोब कोरडा पडून राहिला असेल तर त्यातच रात्रभर भिजवून मग निवाडा करा. कोरडा पडलेला प्रोब मेलेलाच असतो असं नाही.

बफरचाही दोष असू शकतो. १०.०१ चं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरतं, त्यामुळे उघडी बाटली फार दिवस वापरू नका. बाटलीवर छापलेला तापमानाचा तक्ताही पाहा. बोरॅक्सचं बफर २५ अंशांना ९.१८, तर २० अंशांना ९.२२ च्या आसपास असतं. शिवाय सामू १२ च्या पुढे गेलात तर सोडियम आयनही काचेला थोडे हायड्रोजनसारखेच वाटू लागतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तिथे नेहमीच्या प्रोबवर भरवसा ठेवू नये, अशा द्रावणांसाठी वेगळ्या काचेचे प्रोब मिळतात.

शेवटची सवय म्हणजे नोंद. दर कॅलिब्रेशनला वहीत तारीख, तापमान, ७ च्या बफरमधले मिलिव्होल्ट आणि उताराची (त्या तापमानाच्या अपेक्षित मिलिव्होल्टच्या तुलनेतली) टक्केवारी लिहा. ७ मध्ये शून्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिलिव्होल्टपर्यंत चालतं. उतार ९५ ते १०२ टक्क्यांत असावा. उतार एका दिवसात ९९ वरून ९१ वर कोसळला तर बफर दूषित झालंय किंवा फुग्यावर काही चिकटलंय, धुऊन ताज्या बफरने पुन्हा करा. तोच उतार महिनोन्‌महिने ९९, ९८, ९६, ९४ असा घसरत आला असेल आणि धुऊन, भिजवूनही वर येत नसेल, तर काच म्हातारी झाली. तेव्हा नवा प्रोब मागवा.